गीझर घ्यायचाय? आधी पाणी, भिंत आणि वायर बघा

गीझर बंद पडल्याशिवाय आपल्याकडे नवीन कुणी घेत नाही, आणि बंद पडतो तो बरोब्बर थंडीत, त्यामुळे सगळी खरेदी घाईघाईत होते. सकाळी गार पाणी आलं, संध्याकाळी येताना दुकानात शिरलो, १५ लिटर दाखवा म्हणालो, दोन दिवसांत भिंतीवर लागला, संपला विषय. आमचा गेल्या नोव्हेंबरात खालून गळायला लागला तेव्हा मी ठरवलं की या वेळी हवं तर महिनाभर गॅसवर पातेली तापवू, पण नीट बघूनच घ्यायचा. कारण ज्या बाथरूमचा प्रश्न होता ती सासू-सासरे आणि दोन्ही मुलं वापरतात. सासरे, त्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो, सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत आणि पहाटे उठून अंघोळ केल्याशिवाय चहा घेत नाहीत. आमच्या बेडरूमच्या बाथरूममधला गीझर तसा नवा आहे, तो चालू होता, पण तिथे एक उंच पायरी आहे आणि आईंचे गुडघे बघता त्यांना रोज तिथे पाठवणं शक्य नव्हतं.

घर पुण्यात सिंहगड रोडला, नव्वदच्या दशकातली बिल्डिंग, चौथा मजला म्हणजे सगळ्यात वरचा, डोक्यावर थेट गच्ची आणि पाण्याची टाकी. हे सगळं आधीच सांगतेय कारण नंतर कळलं की गीझर कुठला घ्यायचा याचं निम्मं उत्तर यातच होतं.

प्लंबरकाकांनी जुना गीझर उतरवला तेव्हा मी त्यांना म्हणलं, भंगारात टाकायच्या आधी उघडून दाखवा. त्यांना जरा आश्चर्य वाटलं पण त्यांनी बाल्कनीत जुन्या पेपरवर ठेवून खालच्या प्लेटचे नट सोडवले आणि कॉईल बाहेर ओढली, म्हणजे ओढायचा प्रयत्न केला, कारण ती क्षाराने इतकी जाड झाली होती की भोकातून बाहेरच येईना. स्क्रू ड्रायव्हरने ठोकून ठोकून खपल्या पाडल्या तेव्हा कुठे निघाली. कॉईलवर पिवळट पांढरा थर, बोटाएवढा जाड, आणि टाकी तिरकी केल्यावर आतून तसराळंभर चुरा पडला. आणि कॉईलच्या शेजारीच एक बारीक तार लोंबत होती, वाकडी, टोकाला काहीतरी राखेसारखं चिकटलेलं. मी विचारलं हे काय तुटलंय का, तर काका म्हणाले, “हा रॉड आहे ताई, होता. संपला म्हणून टाकी गळाली.”

हा रॉड म्हणजे मॅग्नेशियमचा रॉड, अ‍ॅनोड रॉड म्हणतात. टाकी आतून लोखंडाची असते, तिच्यावर काचेसारखा थर दिलेला असतो, पण त्या थराला कुठेतरी बारीक चीर, सांधा असतोच आणि तिथून गंज सुरू होऊ शकतो. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर झिजणारा धातू, त्यामुळे पाण्यात दोन्ही एकत्र असले की आधी तो झिजतो आणि तो आहे तोवर लोखंड वाचतं. तो संपला की टाकीची पाळी. म्हणजे ठराविक काळाने रॉड बदलला असता तर टाकी अजून काही वर्षं सहज गेली असती, आणि रॉडची किंमत नव्या गीझरच्या मानाने अगदीच किरकोळ असते. विकताना हे कुणी सांगत नाही, सर्व्हिसला येणारा माणूसही विचारल्याशिवाय सांगत नाही, म्हणून इथे ठळकपणे सांगावंसं वाटलं.

तर पहिला मुद्दा पाणी. आमच्याकडे महापालिकेचं पाणी येतं, ते खडकवासल्याचं, धरणाचं, त्यामुळे मऊ. पण सोसायटीची बोअरही आहे आणि फेब्रुवारीनंतर टँकरही येतात, आणि हे सगळं एकाच टाकीत पडतं. आरओ फिल्टरवाला दादा सर्व्हिसला आला तेव्हा त्याच्याकडून दोन्ही पाण्यांचा टीडीएस मोजून घेतला. नुसतं महापालिकेचं १२० च्या आसपास दाखवलं आणि बोअरचं साडेसातशेच्या वर. आता टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच, नुसता जडपणा नव्हे, पण आमच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरं साठतं, तेव्हा जड आहे हे सांगायला मीटर लागतच नाही. जड पाणी तापवलं की त्यातलं कॅल्शियम खडूसारखं बाहेर पडतं आणि जिथे सगळ्यात जास्त गरम तिथे म्हणजे कॉईलवर बसतं. मग उष्णता पाण्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, कॉईल आतल्या आत जास्त तापते आणि एक दिवस जळते. पाणी जितकं जास्त तापवाल तितका क्षार जास्त, त्यामुळे ७०-७५ वर ठेवलेला गीझर ५५ वर ठेवलेल्यापेक्षा लवकर भरतो.

मग मी घरात सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी मोजलं. घरातलं थर्मामीटर (दही लावायला आणलेलं होतं) बादलीत धरून बघायचे. अप्पांना ४३-४४ लागतं, आईंना ४२, मुलं ३८-३९ वर खूश. आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी डिसेंबरात सकाळी सहाला १७ होतं. बादली आमची २० लिटरची. एवढे चार आकडे हातात आले की कुठल्याही दुकानदाराशी बोलता येतं, खरंच सांगते. कारण हिशोब साधा आहे, १ लिटर पाणी १ डिग्रीने तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात आणि ३६०० किलोज्यूल म्हणजे १ युनिट. २० लिटर पाणी १७ वरून ४२ वर न्यायचं तर साधारण ०.५८ युनिट. म्हणजे माणशी एक बादली, अर्ध्या युनिटाच्या थोडं वर. मॉडेल कुठलंही घ्या, विजेचा गीझर असेल तर एवढी वीज लागणारच, त्यात कुणाची जादू नाही.

आता पर्याय. सगळ्यात आधी सगळ्यांनी सुचवलं ते गॅस गीझर. नणंदेकडे आहे, ती म्हणाली वहिनी, नळ सोडला की गरम पाणी, थांबायचं कामच नाही, आणि खर्चही कमी. खर्चाचं तिचं खरं आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये हिशोबाने अशा दोनशेच्या पुढे बादल्या निघतात, सिलिंडर तेव्हा साडेआठशेच्या आसपास होता, आणि माझ्या बिलात सगळे आकार धरून युनिट ११ रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे तेवढ्याच बादल्यांना विजेचे हजार-बाराशेच्या वर जातात. पण आमची बाथरूम पाच बाय सात, वर काचेच्या पट्ट्यांची एक झडप, ती थंडीत आई हमखास बंद करतात कारण वारा येतो. बंद जागेत गॅस जळायला लागला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेपटीहून जास्त जोरात धरतं, माणसाला गुदमरल्यासारखंही होत नाही, नुसतं डोकं जड होतं, चक्कर येते आणि शुद्ध हरपते. दर हिवाळ्यात पेपरात बातमी असते, बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे मृत्यू, कधी तरुण मुलं, कधी नुकतं लग्न झालेलं जोडपं. ती बातमी वाचून आपण हळहळतो आणि पान उलटतो. मला हे फार मनापासून सांगायचंय की बाथरूमच्या आत गॅस गीझर लावू नका, एक्झॉस्ट फॅन आहे म्हणूनही नाही, दार थोडं उघडं ठेवू म्हणूनही नाही. बाहेर मोकळ्या हवेत लावता येत असेल तरच विचार करा.

आमच्याकडे ड्राय बाल्कनी आहे, तिथे लावायचा विचार आम्ही खरंच केला. ड्राय बाल्कनी ते ती बाथरूम म्हणजे पॅसेजमधून पंचवीसेक फूट पाईप, दर वेळी आधी पाईपमधलं गार पाणी वाहून जाणार, मग गरम. आणि दुसरी अडचण जास्त मोठी होती. आम्ही सगळ्यात वर, टाकीचा तळ आमच्या नळाच्या जेमतेम तीन मीटर वर. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब असं धरतात, म्हणजे आमच्याकडे ०.३ बार. गॅस गीझर पाण्याच्या प्रवाहाने पेटतो, प्रवाह कमी पडला की पेटत नाही किंवा पेटून विझतो. टाकी अर्धी झाली असताना अप्पा अंगाला साबण लावून उभे आहेत आणि पाणी अचानक गार, हे मला चालणार नव्हतं. प्रेशर पंप लावून करता येतं, पण मग अजून एक मशीन, अजून एक स्विच. नणंदेचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तिचा गीझर बाहेर उघड्या बाल्कनीत आहे, तिला तो उत्तम चालतो. तिचं घर वेगळं, आमचं वेगळं.

सोलर मला मनातून हवा होता. पुणे महापालिका सोलर वॉटर हीटर, गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं यासाठी मिळकतकरात सवलत देते, यातलं एक असेल तर ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के, आणि गच्ची तर आमच्या डोक्यावरच. सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलले, ते म्हणाले तुमच्या भागावर लावा, मीटिंगमध्ये ठराव करून देतो. काचेच्या नळ्यांचा घ्यायचा हेही ठरत आलं होतं, कारण जड पाण्यात तांब्याच्या बारीक पाईपवाल्या सपाट पॅनेलमध्ये क्षार बसला की साफ करणं अवघड जातं, नळ्या काढून तरी साफ करता येतात. पण दोन गोष्टी आडव्या आल्या. एक, सोलरची टाकी गार पाण्याच्या टाकीच्या खाली बसावी लागते, म्हणजे पाणी आपोआप उतरतं, आणि आमची सोसायटीची टाकी गच्चीवर फार उंच नाहीये. पाण्याची टाकी उचलणं किंवा वेगळी छोटी टाकी लोखंडी स्टँडवर बसवणं, खर्च वाढत गेला. दुसरी गोष्ट सावली. आमच्या दक्षिणेला दोन वर्षांपूर्वी बारा मजली बिल्डिंग झाली. मी आणि मुलगा डिसेंबरात सुट्टीच्या दिवशी गच्चीवर दर तासाला जाऊन खडूने सावलीची रेघ मारून आलो. पुण्यात २१ डिसेंबरच्या सुमारास दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो, दक्षिणेला कललेला, त्यामुळे सावल्या लांब पडतात. अकरा वाजून गेले आणि आम्हाला जिथे पॅनेल ठेवायचं होतं तो सगळा भाग सावलीत, आणि ती सावली अडीच-तीनपर्यंत हलली नाही. उन्हाळ्यात तिथे ऊनच ऊन, पण उन्हाळ्यात आमच्या टाकीचं पाणी तसंही तापलेलंच असतं. गरज जेव्हा आहे तेव्हा ऊन नाही. ज्यांची गच्ची दक्षिणेला मोकळी आहे, स्वतःचा बंगला आहे, त्यांनी मात्र सोलरचाच विचार आधी करावा, पावसाळ्यात आणि ढगाळ दिवसांसाठी विजेची सोय ठेवून.

हीट पंप म्हणून एक प्रकार असतो, उलट्या एसीसारखा, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो, वीज साधारण तिसऱ्या हिश्शाने लागते. माहिती काढली, पण युनिट मोठं, किंमत आमच्या बजेटच्या कितीतरी पुढे, हॉटेल-हॉस्टेलला ठीक. सोडून दिलं.

इन्स्टंट गीझर, ३ लिटर ३ किलोवॉटचा, स्वस्त मिळतो आणि लहानसा दिसतो म्हणून खूप जण घेतात. नाव इन्स्टंट असलं तरी वरचाच हिशोब लावा, २० लिटरची बादली २५ डिग्रीने तापवायची तर ३ किलोवॉटला साडेअकरा मिनिटं लागणार म्हणजे लागणार. नळ पूर्ण सोडला तर कोमट येतं, बारीक सोडावा लागतो. कोकणात किंवा मुंबईत जिथे पाणीच २४-२५ असतं तिथे काम भागतं, स्वयंपाकघरात भांड्यांसाठी तर फार छान, पण पुण्याच्या थंडीत आणि अप्पांच्या ४३ डिग्रीला तो नाही.

म्हणजे राहिला साठवणीचा, स्टोरेज गीझर. मग १५ का २५? इथेही थर्मामीटरचे आकडे उपयोगी पडले. गीझर ५५ वर ठेवला आणि गार पाणी १७, विसण घालून ४२ चं पाणी करायचं, तर १५ लिटरमधून साधारण २३ लिटर निघतं, म्हणजे एक बादली आणि वर दोन-तीन तांबे. २५ लिटरमधून ३८ लिटर, म्हणजे जवळजवळ दोन बादल्या. अप्पा आणि आई एकामागे एक अंघोळ करतात, अप्पांचं झालं की आई लगेच, कारण नंतर त्यांची पूजा असते. १५ लिटरमध्ये आईंना वीस मिनिटं थांबावं लागलं असतं. शॉवरवाल्यांचा हिशोब अजून वेगळा, पण आमच्याकडे सगळे बादलीवालेच.

अप्पांना हे सगळं मी कागदावर दाखवत होते तेव्हा ते म्हणाले, अगं हा तर बंबच झाला. त्यांच्या वाईच्या घरी तांब्याचा बंब होता, मधे विस्तव, भोवती पाणी, एका बाजूला नरसाळं. नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की ते तळाशी जायचं आणि तेवढंच कढत पाणी वरच्या तोटीतून बाहेर यायचं. स्टोरेज गीझरचंही अगदी हेच आहे, गार पाणी खालून येतं आणि वर साठलेलं गरम पाणी ढकलतं. म्हणून उभा गीझर बरा, गरम-गार थर वेगळे राहतात, आडव्या गीझरमध्ये थराची उंचीच कमी असल्याने गार पाणी लवकर मिसळतं आणि तेवढ्याच लिटरात गरम पाणी कमी हाती येतं. जागा नसेल, दारावर लॉफ्टखाली बसवायचा असेल तर आडवाच घ्यावा लागतो, आडवा म्हणून बनवलेलाच घ्या, उभा गीझर आडवा लावायचा नाही.

मग आम्ही दोघं तापकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतली ही इलेक्ट्रिकच्या सामानाची गल्ली पुणेकरांना सांगायला नको. एका दुकानात काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, “ताई, पाणी कुठलं?” मग मला बरं वाटलं, आणि शेवटी तिथूनच घेतला. दुसरीकडे मात्र एक सेल्समन आठ बार, आठ बार एवढंच सांगत होता. आठ बार म्हणजे टाकी किती दाब सहन करते ते. तीस मजली टॉवरच्या खालच्या मजल्यांवर किंवा प्रेशर पंप असलेल्या घरात ते खरंच महत्त्वाचं आहे, पण आमच्या ०.३ बारला त्याचे जास्तीचे पैसे कशाला. तो म्हणाला सगळे घेतात. असू दे.

स्टारबद्दल पण सांगते कारण मलाही दुकानात जाईपर्यंत स्पष्ट नव्हतं आणि घरी येऊन वाचून काढलं. फ्रीज-एसीच्या स्टारचा अर्थ आणि गीझरच्या स्टारचा अर्थ वेगळा आहे. कॉईल विजेतली जवळजवळ सगळी उष्णता पाण्यात टाकतेच, ती वन स्टारचीही आणि फाईव्ह स्टारचीही. स्टार मोजतो ते तापलेलं पाणी नुसतं ठेवलं तर २४ तासांत किती उष्णता बाहेर जाते ते, म्हणजे आतलं फोमचं आवरण किती चांगलं आहे ते. तुम्ही अर्धा तास चालू करून लगेच वापरून बंद करणारे असाल तर स्टारने बिलात फार फरक पडत नाही. आमच्याकडे पहाटे तापवलेलं पाणी साडेसातला मुलांना लागतं, म्हणून आम्ही फाईव्ह स्टारच घेतला, पण ज्यांचं घर दहा मिनिटांत उरकतं त्यांनी तेवढ्यासाठी हजार-दोन हजार जास्त देण्याआधी विचार करावा.

टाकी काचेच्या लेपाची घेतली, ग्लासलाईन्ड म्हणतात ती, जाड रॉडवाली. स्टेनलेस स्टीलची स्वस्त मिळत होती, पण बोअरच्या पाण्यात क्लोराईड असलं की स्टीललाही गंज धरतो, खास करून वेल्डिंगच्या सांध्यापाशी. वॉरंटी कार्ड मी दुकानातच उभ्या उभ्या वाचलं. टाकीची सात वर्षं, कॉईलची वेगळी, बाकी मशीनची दोन, आणि खाली बारीक अक्षरात की रॉड वॉरंटीत नाही आणि पाणी ठराविक मर्यादेपेक्षा जड असेल तर टाकीची वॉरंटी लागू नाही. हे घेण्याआधी वाचायचं, नंतर नाही.

पण गीझर लगेच भिंतीवर गेला नाही, आधी वायरिंग. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याच्यावर कुणीच बोलत नाही. २ किलोवॉट म्हणजे २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर, ३ किलोवॉट म्हणजे १३ अँपिअर, आणि हे सलग अर्धा-पाऊण तास. इलेक्ट्रिशियन दादाने जुन्या सॉकेटची प्लेट उघडली तर आतला प्लॅस्टिकचा भाग तपकिरी झालेला, एका पिनेजवळ वितळलेला, आणि वायर बारीक, दीड एमएमची, गीझरसाठी पुरेशी नव्हतीच. मग त्याने फेज आणि अर्थिंगच्या मधे टेस्ट लॅम्प लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये तोच बल्ब लख्ख लागत होता, अर्थिंगवर नुसता मिणमिणला. म्हणजे अर्थिंग नावाला होतं. म्हणजे इतकी वर्षं कॉईल फुटून करंट पाण्यात उतरला असता तर तो जमिनीत जायला वाट नव्हती, अंघोळ करणाऱ्या माणसातून गेला असता. मला त्या रात्री झोप लागली नाही, मुलं त्याच बाथरूममध्ये लहानाची मोठी झालीत.

मेन बोर्डापासून चार एमएमची नवी तांब्याची वायर ओढली, १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) वेगळा, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला, जो गळती झाली की क्षणात सप्लाय तोडतो. त्यावर एक छोटं टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं, खटकन पडला पाहिजे. सोसायटीत सांगितल्यावर खालचा अर्थिंगचा खड्डा बघितला गेला, तो कोरडा ठणठणीत होता आणि तार गंजून सुटलेली. तो नव्याने करून घेतला आणि मग चार-पाच घरांनी आपापली अर्थिंग तपासून घेतली. वायरिंगचा आमच्या घरातला खर्च साधारण गीझरच्या निम्मा आला. गीझर स्वतः दहा हजारांच्या आतबाहेर.

भिंतीचंही तसंच. २५ लिटर पाणी म्हणजे २५ किलो, वर गीझरचं वजन, सगळं मिळून पस्तीसच्या पुढे. जुना गीझर होता ती भिंत दोन बाथरूममधली चार इंची, आणि एका बोल्टभोवती टाईल तडकलेली होती. नवा बाहेरच्या जाड भिंतीवर घेतला, पाईप दोन फूट वाढला एवढंच. आणि जागा अशी निवडली की खालून रॉड आणि कॉईल काढायला हात जाईल, नाहीतर पुढच्या सर्व्हिसला पूर्ण गीझर उतरवावा लागतो.

बसवून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी आईंनी हाक मारली, अगं नवा पण गळतोय. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पडत होतं. पाणी तापलं की फुगतं, टाकी बंद असते, तो जास्तीचा दाब तिथून बाहेर पडतो, त्यामुळे तापताना थेंब पडणं बरोबर आहे. गार असताना धार लागली तर मात्र बोलवायचं. कुणी कुणी त्या थेंबांना कंटाळून तिथे बूच मारतात, ते कधीही करू नका, टाकी फुटू शकते. आम्ही त्याला बारीक नळी लावून ती जाळीपर्यंत नेली.

थर्मोस्टॅट ५५ वर आहे. ६० च्या पाण्याने म्हाताऱ्या माणसाची कातडी काही सेकंदांत भाजते, आणि अप्पांच्या पायाला मधुमेहामुळे चटका लवकर कळत नाही, म्हणून नियम एकच केलाय, बादलीत आधी गार, मग गरम. गीझर पहाटे साडेपाचला अप्पाच चालू करतात, अंघोळीला जाताना बंद करतात, आई झाल्या की मुलांसाठी परत चालू.

जानेवारीचं बिल आधीच्या जानेवारीच्या तुलनेत कमी आलं, पण त्यातलं किती नव्या गीझरमुळे आणि किती क्षार नसलेल्या कॉईलमुळे ते मला वेगळं काढता येत नाही. एक फरक स्पष्ट आहे, जुन्याला शेवटी शेवटी पाऊण तास लागायचा आणि तो १५ लिटरचाच होता, हा २५ लिटर असून अर्ध्या तासात लाल दिवा जातो. तो अर्धा तास मी डायरीत लिहून ठेवलाय, तो वाढायला लागला की क्षार बसायला लागला असं समजून सर्व्हिसवाल्याला बोलवायचं. रॉड पहिल्यांदा येत्या ऑक्टोबरात काढून बघणार आहे, टँकरचा एक पूर्ण उन्हाळा गेलेला असेल तोपर्यंत. या मॉडेलचा रॉड तापकीर गल्लीतल्या काकांकडे मिळतो का ते विचारून ठेवलंय, म्हणाले मिळेल, फक्त मॉडेल नंबरचा फोटो पाठवा. बेडरूममधला गीझर कधीच उघडलेला नाही, त्याचीही खालची प्लेट त्याच दिवशी काढून घ्यायचीये.